गिरणी वाजवा

मेहकर
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

जय भीम.

तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटवून गप्प बसतोस. म्हणून पोस्टानं लिहिते आहे. पाकीट फोडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि फोडल्यावर तरी निदान पहिलं पान वाचशीलच.

तुझा पुण्याचा कार्यक्रम आम्ही मोबाईलवर पाहिला. मेडिकल बंद करून मी घरी आले तेव्हा बाबा खाटेवर बसले होते, शेजारी वहाबचाचा. चाचाच्या नातीनं, मलिहानं, व्हिडिओ लावून दिला होता. मागे काळा पडदा, समोर चष्मेवाली माणसं, आणि तू हातात रेकॉर्ड धरून उभा. कव्हरवर बर्फात उभी असलेली जुनी गिरणी. बाबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"वहाब, पाह्य बे. आपली गिरणी!"

चाचाचं तोंड उघडंच राहिलं. दोघं म्हातारे असे हसले, की मलाही हसू फुटलं.

मग तू बोलायला लागलास. सत्तरच्या दशकातला जर्मन बँड, नाव 'क्वार्ट्झगार्टेन'. रेकॉर्ड एकच, 'डी श्टिले म्यूले', म्हणजे मुकी गिरणी. त्यांच्याच देशात कुणी विकत घेतली नाही, बँड मोडला, सगळे विसरले. इथवर ठीक. मग म्हणालास, "दोन हजार तीन साली बर्लिनच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात, धुळीच्या ढिगात मला ही सापडली. त्याआधी असलं संगीत मी आयुष्यात ऐकलं नव्हतं."

मलिहा माझ्याकडे बघायला लागली. तिलाही माहीत आहे दादा. मेहकरात बँजो पार्टीत वाजवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे.

कव्हरचा खालचा उजवा कोपरा तू अंगठ्याखाली धरला होतास. तिथं बाबांच्या हातानं निळ्या शाईत 'भाऊराव, मेहकर' लिहिलेलं आहे. पूर्ण कार्यक्रमभर तुझा अंगठा हलला नाही.

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता काही बोलतील. ते म्हणाले, "बोलते मात्र छान. गळा माह्यावर गेला."

तू विसरला असशील तर सांगते. विसरला नसशील तर ऐकून घे, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तुला गरज आहे.

तो जर्मन माणूस लोणारला विवरातले दगड गोळा करायला आला होता. डॉक्टर वेर्नर. बाबांची पार्टी तिकडे लग्नाला गेली होती. बाबा रात्री डाक बंगल्यावरून येत होते तर खिडकीतून या रेकॉर्डचा आवाज आला. ते आत गेले नाहीत, ओट्यावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्या माणसानं खुर्ची बाहेर आणून ठेवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जायच्या दिवशी त्यानं ही रेकॉर्ड दिली आणि बाबांनी त्याला आपला नवा बँजो दिला. भीक नव्हती ती, बक्षिसीही नव्हती. एका ऐकणाऱ्यानं एका वाजवणाऱ्याला दिलं, त्यानं परत दिलं. आई त्या बँजोसाठी पुढं वर्षभर बाबांशी भांडली, हेही खरं.

घरी रेकॉर्डची मशीन नव्हती. लाऊडस्पीकरवाल्या निवृत्तीकाकांकडे होती. बाबा आणि वहाबचाचा त्यांच्या दुकानात बसून तीच तीच बाजू ऐकायचे. दुसरी बाजू म्हणजे एकच लांब तुकडा. आधी बास गिटार गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरत राहते, तिच्यावर ऑर्गन एकच सूर धरून बसतो, सोडतच नाही, आणि ढोल सात मात्रांत चालतो, त्यामुळे दर वेळी वाटतं की आपला पाय चुकला. बाबांनी तो ऑर्गनचा सूर आणि त्यामागची धून बँजोवर उतरवली. चाचा म्हणाला, सातावर आपली माणसं नाचणार नाहीत भाऊराव, आणि त्यानं शेवटी ढोलावर एक ठोका आपल्या पदरचा घातला. तो आठवा ठोका. त्या ठोक्यावर मेहकरची मिरवणूक आजही पाय आपटते. "गिरणी वाजवा, गिरणी वाजवा" म्हणून पोरं ओरडतात. का म्हणतात गिरणी, त्यांना ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे.

तू चालायला लागायच्या आधी या धुनेवर मान हलवायचास. आई सांगायची. आणि कॉलेजला पुण्याला निघालास तेव्हा बाबांनी स्वतःच्या धोतरात गुंडाळून ही रेकॉर्ड तुझ्या पेटीत ठेवली. तू चोरली नाहीस, ती तुझीच आहे. मला रेकॉर्ड नको आहे. बर्लिन मागे घे, एवढंच म्हणणं आहे.

मंजुश्री


मेहकर
९ मार्च

दादा,

तुझा मेसेज आला. इतक्या वर्षांत एवढा लांब मेसेज पहिलाच. चार वेळा वाचला. काउंटरवर एक बाई खोकल्याचं औषध मागत होती, तिला मी पोटदुखीचं देणार होते, इतकं डोकं फिरलं.

तू लिहितोस, "मंजू, गोष्ट सांगण्याची एक पद्धत असते. मेहकर, बँजो पार्टी, हे सांगितलं तर लोक संगीत बाजूला ठेवून माझ्याकडेच कौतुकानं बघत बसतात. मला ते कौतुक नको आहे. ऑगस्टमध्ये पुस्तक येतं आहे. उगाच तमाशा करू नकोस."

पहिला भाग मला समजला. खरंच समजला. होस्टेलवर तुला 'बँजो' म्हणून हाक मारायचे ते तू एकदाच सांगितलं होतंस, दिवाळीच्या सुट्टीत, पाठ फिरवून. जयंती जवळ आली की खोलीच्या दारावर काय लिहायचे तेही. त्या माणसांचा राग मला आजही येतो. पण त्यांनी तुझं तोंड बंद केलं आणि तू बाबांचं नाव अंगठ्याखाली घातलंस. त्यांचा हिशोब बाबांकडून का चुकता करतोस?

आणि लाज नव्हे, 'पद्धत' म्हणतोस. दादा, मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा अख्ख्या गल्लीनं मला पद्धत शिकवली. बाबांनी काही विचारलं नाही. बँजो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हे बटन दाब. आता हे." महिनाभर मी तीच धून बोटांत घोळवत होते. तुमच्या पुण्यात या संगीताला काय म्हणतात ते म्हणा, मी त्याच्या आधारानं उभी राहिले. म्हणून मला त्यावर बोलायचा हक्क आहे आणि तू तो देणारा कोण?

तर आता माझं मत ऐक. त्या कार्यक्रमात तू म्हणालास, दुसऱ्या बाजूचा मधला भाग हा या रेकॉर्डचा दोष आहे, तिथं गिरणीचं चाक मंदावतं आणि मग बराच वेळ जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, श्रोत्यांनी तो भाग ओलांडून पुढं जावं. मला पटत नाही. दळण संपल्यावर गिरणीत जी शांतता पडते ती आठव. पट्टा उतरलेला असतो, पीठ अजून हवेत असतं, आणि बाया एकदम हळू आवाजात बोलायला लागतात, कारण आतापर्यंत ओरडून बोलत होत्या. मला तिथं तेच ऐकू येतं. कुठल्या जर्मन माणसाच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मी चुकत असेन. पण दोष नाही तो.

बाबांनाही तो भाग आवडतो. परवा म्हणाले, "एवढी वर्सं वाजवली, पन पुरी कधी वाजवली नाई. मिरवणुकीत मधलं कोन वाजवू देते? एकदा पुरी वाजवायची होती."

'होती' म्हणाले. त्यांचा उजवा हात आता थरथरतो, तुला माहीत नसेल. आई गेली तेव्हा एक दिवस आलास, त्यानंतर नाही.

म्हणून मी जयंती समितीच्या बैठकीला गेले. यंदा समितीनं फक्त डीजे ठरवला आहे, बँजो पार्टी बंद. अध्यक्ष संघर्ष आहे, आपल्या शेजारच्या वच्छलाबाईंचा नातू. इंजिनीअर झाला, कामाचा आहे, पण डोक्यात सगळा डीजे.

मी म्हटलं, स्टँडासमोर आम्हाला वेळ द्या. भाऊराव पूर्ण गिरणी वाजवतील. मधला शांत भागसुद्धा.

"शांत म्हंजे?"

"शांत म्हणजे शांत. सगळे उभे राहतील."

सगळे हसले. संघर्ष हसला नाही, पण म्हणाला, "ताई, मिरवणुकीत आवाज बंद झाला की पब्लिक पळते. मागची मंडळं आंगावर येतील. आन मुख्य म्हंजे, जयंतीत जर्मन गाणं कायले?"

मी म्हटलं, "ज्यांची जयंती करून राह्यला त्यांनी जगभरची पुस्तकं वाचली. आपण जगभरचं ऐकू नये असं कुठं लिहिलं आहे? आणि पन्नास वर्षं नाचून राह्यले तुम्ही त्याच गाण्यावर. तुझ्या आज्याच्या लग्नाच्या वरातीत वाजलं ते."

"आमच्या आज्याच्या?"

"इचार घरी जाऊन."

त्यानं विचारलं असावं. दुसऱ्या दिवशी मेडिकलवर आला, उगाच एक क्रोसिन घेतली आणि म्हणाला, "देतो वेळ. पन पब्लिक हललं तर डीजे चालू करीन, मंग मले बोलायचं नाई."

मी हो म्हटलं. तुला तमाशा नको होता ना? चौदा एप्रिलला, भर रस्त्यात.

मंजुश्री


मेहकर
१६ एप्रिल

दादा,

बोटांना फोड आले आहेत, अक्षर वाकडं दिसेल.

आधी हे सांगते की मीही वाजवलं. टेम्पोवर, बाबांच्या शेजारी, दुसऱ्या बँजोवर. पार्टीत आजवर बाई बसली नव्हती. अकीलभाई, चाचाचा मुलगा, तो आता पार्टी चालवतो, त्यानं एकदाच विचारलं, "दीदी, पक्का?" मी म्हटलं पक्का. मलिहा की-बोर्डवर ऑर्गनचा सूर धरणार होती. तिची आजी बानो घरातून ओरडली, "दोन पोरी टेम्पोवर चढून राह्यल्या, जमाना बदलला का डोकं फिरलं?" आणि मग स्वतःच मलिहाच्या ओढणीला पिन लावून दिली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. चाचाला आता ढोल झेपत नाही. त्याला स्टँडाच्या कडेला खुर्ची टाकून दिली होती.

स्टँडासमोर डीजे थांबला. कानातला घणघणाट थोडा ओसरला आणि बाबांनी सुरुवात केली. पहिला भाग सगळ्यांना पाठ. आठव्या ठोक्याला पूर्ण रस्ता धप्पकन खाली आला. गुलाल नाही, निळा रंग उडत होता. एसटी थांबवून ड्रायव्हर बाहेर डोकावत होता. मला वाटलं, इथंच थांबावं, इथपर्यंत काय छान चाललं आहे.

मग अकीलभाईनं ढोलावर हात ठेवला. मलिहाचा सूर हळूहळू उतरला. बाबांनी एक तार, एकदा छेडली. खूप वेळानं पुन्हा एकदा.

माणसं नाचायची थांबली. एकमेकांकडे बघायला लागली.

"काय झालं बे? लाईट गेली काय?"

हशा. कुणीतरी शिट्टी मारली. मागून, "वाजवा ना! झोपले काय म्हातारे?" मागच्या मंडळाचा डीजे लांबून धडधडत होता. आमचा डीजेवाला हात पुढं करून तयारच होता. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, त्यांना काही ऐकू जात नव्हतं की जात होतं, कोण जाणे. दादा, मला इतकी भीती कधी वाटली नाही. वाटलं, मी हट्टापायी म्हाताऱ्या बापाला चौकात हसं करायला आणलं.

आणि संघर्ष डीजेच्या गाडीवर चढला. मी मनात म्हटलं, संपलं. त्यानं डीजेवाल्याचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग वच्छलाबाई खाली बसल्या. पांढरं लुगडं, हातात निळा झेंडा, गुडघ्यांचं दुखणं. रोज माझ्याकडून गोळ्या नेतात. त्या भर डांबरावर बसल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय होते मावशी, चक्कर आली का?"

"काई नाई. आयकून राह्यली."

ती बाई बसली. मग तिच्यामागच्या बसल्या. मग पुरुष. पोरांनी आधी टिंगल केली आणि मग तीही बसली, कारण उभं राहिलं की आपणच दिसतो. स्टँडापासून पार कोपऱ्यापर्यंत रस्ता खाली बसला. खोटं सांगणार नाही, पूर्ण शांतता नव्हती. एक बाळ रडत होतं, कुणाचा तरी मोबाईल वाजला, मागचा डीजे चालूच होता. पण आमच्यासमोर एवढी माणसं श्वास घेत होती आणि तो श्वास ऐकू येत होता. तुझ्या रेकॉर्डमध्ये हे नाही. हे इथलं आहे.

परत सुरुवात बाबांनी करायची होती. हात उचलला आणि तो थरथरायला लागला. हातातली पट्टी तारेवरून घसरली. पुन्हा घसरली. मी माझा बँजो उचलला, म्हटलं मी घेते, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. तेवढ्यात कडेला बसलेल्या चाचानं आपल्या काठीनं खुर्चीच्या पायावर ठोके द्यायला सुरुवात केली. हळू. एवढे हळू की म्हाताऱ्या हातालाही सोबत चालता यावं. बाबांनी डोळे उघडले, चाचाकडे बघितलं आणि तिसऱ्या वेळी तार लागली.

मग जे झालं ते मला लिहिता येत नाही. बसलेला रस्ता उठला, एवढंच सांगते.

रात्री बाबा जेवले नाहीत. म्हणाले, पोट भरलं. दुसऱ्या दिवशी समितीत दोघातिघांनी कुरकुर केली, वेळ वाया घालवला म्हणून. संघर्ष त्यांना म्हणाला, "पुढल्या वर्सीबी घालवू." मलिहानं शूट केलेलं लोकांनी एकमेकांना पाठवलं आहे, तुझ्यापर्यंत पोचलं असेल. त्यात मी घामानं चिंब आहे आणि अजिबात चांगली दिसत नाही. चालेल.

आता मुद्द्याचं. अकरा मे रोजी पुण्यात तुझा दुसरा कार्यक्रम आहे, त्याच रेकॉर्डवर. सगळ्यांना खुला आहे असं जाहिरातीत लिहिलं आहे. आम्हीही सगळ्यांत येतो. मी बाबांना घेऊन येते आहे. आमच्यासाठी खुर्च्या राखू नकोस, उपकार नकोत. पण माझ्यासमोर बर्लिन म्हणालास तर मी उठून उभी राहणार.

मंजुश्री


मेहकर
१५ मे

दादा,

बाबा बरे आहेत. गाडीत पाय सुजले होते, आता उतरले. निघताना तू दिलेले आंबे अर्धे वहाबचाचाकडे गेले, तक्रार करू नकोस.

फोनवर तू म्हणालास, झालं ते झालं, आता त्यावर लिहीत बसू नकोस. लिहिणार. कारण त्या दिवशी तिथं काय झालं हे तू तुझ्या पद्धतीनं सांगायच्या आधी माझ्या पद्धतीनं कागदावर आलं पाहिजे.

तू आम्हाला दारातच पाहिलंस. तरी स्टेजवर गेलास. बर्लिन म्हणाला नाहीस, पण मेहकरही म्हणाला नाहीस. "ही रेकॉर्ड माझ्या हाती आली" असं म्हणालास. हाती आली! जशी काय आभाळातून पडली. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते. मग तू दुसरी बाजू लावलीस आणि मधल्या भागाशी आल्यावर, "वेळेअभावी पुढं जाऊ" म्हणत सुई उचललीस.

मी उठणारच होते. पण माझ्या आधी बाबा उठले. मी त्यांचा सदरा ओढला, त्यांनी माझा हात बाजूला केला.

"सायब," ते म्हणाले, "मधलं काऊन सोडलं?"

सायब. आपल्या पोराला. पूर्ण सभागृह मागे वळलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसली, बोलण्याला हसली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, "आजोबा, आपण कुठून आलात?"

"मेहकर. बुलडाना जिल्हा."

"अरे वा! आणि ही रेकॉर्ड आपण आधी ऐकली आहे?"

बाबांनी तुझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोरगं झाडावर चढलेलं असावं आणि ओरडलं तर घाबरून पडेल, असं वाटल्यावर बाप जसा खालून गप्प बघतो, तसे बघत होते.

"हाव," ते म्हणाले. "एका वळखीच्याकडे होती."

ओळखीच्याकडे. स्वतःला ते ओळखीचा म्हणाले. तुला सांभाळायला ते एवढ्या लांबून आले आणि एवढ्या माणसांत स्वतःला पुसून खाली बसले. मी त्या क्षणी तुझा जितका तिरस्कार केला तितका कुणाचाच केला नाही, माझ्या नवऱ्याचाही नाही.

तू माईकसमोर उभा. बाई म्हणाल्या, "सर, पुढे जाऊ या का?" तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस.

आणि मग तू म्हणालास, "बाबा, खाली काऊन बसले? वर या ना."

तीस-पस्तीस वर्षांत तुझ्या तोंडून 'काऊन' ऐकलं नव्हतं. ती पुढची मुलगी हसायची थांबली. बाबा इकडेतिकडे बघायला लागले, जणू दुसऱ्याच कुणाच्या बापाला बोलावलं आहे. मग तू खाली उतरून आलास, त्यांचा हात धरलास, आणि पायऱ्यांवर ते म्हणाले ते माईकमध्ये कुणाला ऐकू गेलं नसेल, मला ऐकू आलं: "लोकं पाहून राह्यले ना, पोरा." आणि तू म्हणालास, "पाहू द्या."

मग तू सांगितलंस. लोणार, डाक बंगला, बँजो, आई, सगळं. अडखळत, काही चुकीचं, काही मला माहीत नसलेलं. होस्टेलचं दारसुद्धा. मग सुई परत मधल्या भागावर ठेवलीस आणि बाप-लेक दोन खुर्च्यांवर बसून ऐकत राहिलात. पुण्याची माणसंही ऐकत राहिली. बहुतेक. दोघं उठून गेले. जाऊ देत.

मी रडले, ते तू पाहिलंस. त्याचा गैरसमज करून घेऊ नकोस. मी अजून रागावलेली आहे. बाबांनी तुला कधीच माफ केलं होतं, त्यांना माफ करायला कारण लागत नाही. मला लागतं. एका संध्याकाळी स्टेजवर बोललेलं हवेत जातं. पुस्तक राहतं. त्याचं पहिलं प्रकरण बर्लिनच्या दुकानात सुरू होतं, हे तूच फोनवर कबूल केलंस, आणि प्रकाशक आता बदल करू देणार नाही, असंही म्हणालास. प्रकाशकाला मी ओळखत नाही, तुला ओळखते. मनात आलं तर तू दगडालाही पटवतोस.

बाबा म्हणतात, पोराले त्रास देऊ नको. ते आत्ता ओसरीवर बसून मलिहाला धून शिकवताहेत, आणि ती चुकली की तिच्यापेक्षा जास्त तेच खूश होतात, परत सांगायला मिळतं म्हणून.

प्रकरण बदल दादा. नाही बदललंस तर मी लिहीन. मला आता लिहायची सवय लागली आहे, आणि मेहकरात छापखाना आहे.

तुझी बहीण,
मंजुश्री भाऊराव